सुकवारोआत्याचा डावा खांदा

धानकापणीला बायका शेतातल्या बांदीत उतरल्या की सुकवारोआत्या न सांगता रांगेच्या डाव्या टोकाला जाऊन उभी राहायची. मध्ये तिला कोणी घेतच नसे. बाकी साऱ्याजणींचा विळा उजव्या हातात, हिचा एकटीचा डाव्या. शेजारणीच्या कोपराला तिचं कोपर लागायचंच. विळ्याचे दातेसुद्धा उजव्या हाताच्या सोयीने पाडलेले असतात. आत्याने लोहाराच्या मागे लागून उलट्या दात्यांचा विळा करून घेतला होता. तो दुसऱ्या कोणाच्या कामाचा नव्हता. "म्हणून तं माहा इळा कोणी चोरत नाही," असं ती मोठ्या अभिमानाने सांगायची.

आमचं गाव सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या डोंगरांच्या अलीकडे. गावाच्या तीन बाजूंना जंगल आणि एका बाजूला रस्ता. आत्या माझी सख्खी आत्या नव्हती. आमच्या घराला तिचं घर लागून, आणि माझे वडील तिला ताई म्हणायचे, एवढंच नातं. उंच, काटक बाई. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. आवाज असा की अंगणातून हाक मारली तर बोडीवर कपडे धुणारी बाई वळून पाहायची. तिचे मालक बुधराम जंगलखात्याच्या कामावर मजूर होते. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला फुफाजी म्हणतात, म्हणून ते माझे फुफाजी. अख्ख्या गावात परवान्याची बंदूक एकच होती, पीक राखण्यासाठी दिलेली, आणि ती फुफाजींच्या नावावर होती.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बारावी झाल्यावर वडील म्हणत होते, पुरे झालं शिक्षण. त्या संध्याकाळी आत्या अंगणात येऊन उभी राहिली. वडिलांना म्हणाली, "शिकू दे गा तिले. गावात एक तरी माणूस कागद वाचणारं पाह्यजे. सायब काय लिहून राहिला, तुले समजते? मले समजते?" वडील दुसऱ्याच दिवशी मला घेऊन गोंदियाच्या बसमध्ये बसले. पदवी हाती आल्यावर मी सगळ्यात आधी आत्याकडे पेढे घेऊन गेले. तिने पेढा तोंडात टाकला, हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, "झालं ना शिकून? आता बस खाली. अर्ज लिहाचा हाय."

तो अर्ज बंदुकीचा होता.

फुफाजींनी सत्तरी ओलांडली होती. मोतीबिंदू काढला होता, पण हात थरथरायचे. आणि रानडुकरं वाढत चालली होती. कळप एकदा बांदीत शिरला की धान खातो कमी आणि लोळून सपाट जास्त करतो. डुकरं मारायची परवानगी वनखात्याकडून रीतसर मिळते. पण ती परवानगी ज्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यालाच. आमच्याकडे परवानगीचा कागद होता, बंदूक होती, फक्त ती चालवणारा हात उरला नव्हता. एकदा शहरातले दोन शिकारी बोलावले. जीपमधून आले, काळे चष्मे लावून बांदीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर फिरले, "भाई, देसी मुर्गा बनता है क्या इधर?" असं विचारलं, जेवले, मचाणावर बसले आणि दिवस उजाडल्यावर परत गेले. डुकरांनी त्या वेळी पलीकडची बांदी खाल्ली.

म्हातारपणी असा परवाना वारसाच्या नावे करता येतो. फुफाजींना मूलबाळ दोन, पण दोन्ही मुली, लग्न होऊन छत्तीसगडात गेलेल्या. मग पुतण्या भैयालाल पुढे आला. तो गोंदियाजवळ मुर्रीला राहायचा, मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं त्याचं. माणूस वाईट नव्हता, पण बंदुकीची हौस फार. बंदूक त्याच्या नावावर झाली की ती मुर्रीला जाणार आणि आमच्या हाती वाजवायचे डबे आणि काठ्या राहणार, हे साऱ्यांना दिसत होतं. तरी कोणी बोलेना. आत्या बोलली.

"परवाना माह्या नावावर करा."

भैयालाल हसला. "काकी, तू तं डावरी हायेस. बंदूक उजव्या हाताची राहते."

"मंग तू येत जा ना गा रोज पहाटे मुर्रीवरून. मी डुकरांले सांगून ठेवते, भैयालाल येऊन राहिला, थांबा म्हणून."

लोक हसले, पण पटेलांपासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या मनात भैयालालचंच म्हणणं बरोबर होतं. शेवटी असं ठरलं की परवान्यासाठी पोलिसांच्या मैदानावर बंदूक हाताळण्याचं जे प्रशिक्षण घ्यावं लागतं, ते आत्याने करून दाखवावं. तिला ते प्रमाणपत्र मिळालं तर बंदूक गावात. नाही मिळालं तर मुर्रीला.

मी तिच्यासोबत गेले, कारण फॉर्म भरायला कोणीतरी हवं होतं. दोन दिवस बंदूक कशी धरायची, कशी रिकामी करायची, नळी कुणाकडे करायची नाही, हे सगळं शिकवलं. त्यात आत्या सगळ्यांच्या पुढे होती. तिसऱ्या दिवशी पाच-पाच गोळ्या. शिकवणाऱ्या पोलिसाला सगळे उस्ताद म्हणत. पिळदार मिशांचा, पण स्वभावाने मऊ माणूस. त्याने आत्याला जमिनीवर पालथं निजवलं आणि ओरडला, "बाई, दाहिना कंधा! बायी आँख बंद!"

आत्याला नुसता डावा डोळा मिटताच येत नव्हता. डावा मिटायला गेली की दोन्ही मिटायचे. शेवटी दोन्ही उघडे ठेवून तिने पाच गोळ्या झाडल्या. कागद आणले तेव्हा तिच्या कागदावर तीन भोकं होती, तीही डाव्या काठाला. तिच्या डावीकडे निजलेला एक कंत्राटदार होता. त्याने पाच गोळ्या झाडल्या होत्या आणि त्याच्या कागदावर सात भोकं होती. तो मोठ्या खुशीत कागद दाखवत फिरत होता.

"त्यातले दोन माहे हायेत गा," आत्या त्याला म्हणाली. "वापस दे."

सगळे हसले, उस्तादही हसला, पण प्रमाणपत्र काही दिलं नाही. पुढच्या तुकडीला या म्हणाला.

बसमध्ये ती खिडकीशी बसून होती. मला वाटलं, हिरमुसली असेल. आमगाव गेल्यावर एकदम म्हणाली, "साऱ्या डावीकडंच काऊन गेल्या व?"

मी म्हटलं, "हात हलला असेल."

"हात हालला असता तं एक इकडं गेली असती, एक तिकडं गेली असती. पाची एकाच बाजूले गेल्या. हे हाताचं काम नाही."

आत्याची ही रीत मी पुढेही पाहिली. काही बिघडलं की ती आधी स्वतःला शिव्या देत बसायची नाही. बिघाड कुठल्या बाजूला झाला ते पाहायची.

उत्तर तिला तेंदूपानाच्या हंगामात मिळालं. पानं तोडताना भोकाचं पान बाजूला टाकावं लागतं, पानं विकत घेतात त्या फडीवर ते घेत नाहीत. आत्या पान उजेडाकडे धरून पाहायची. एका दुपारी तिने मला जंगलातून हाक मारली. मी त्या दिवसांत नोकरी शोधत घरीच होते आणि आईबरोबर पानं तोडायला जात होते.

"हे पान धर. हात लांब कर. दोन्ही डोळे उघडे ठेव अन् भोकातून तो मोह पाह्य. दिसला?"

"दिसला."

"मोह सोडू नोको. पान हळूहळू तोंडाजोळ आण."

पान तोंडाजवळ आलं तेव्हा भोक माझ्या उजव्या डोळ्यावर होतं. मग तिने स्वतः करून दाखवलं. तिच्या हातातलं पान सरळ डाव्या डोळ्यावर येऊन थांबलं. तिने तीन वेळा केलं, तिन्ही वेळा डाव्यावरच. डावा डोळा हाताने झाकला की भोकातला मोहच नाहीसा व्हायचा.

"हाताचं मले माहीत होतं," ती म्हणाली. "पण डोळाबी डावराच हाय, हे साठ वर्षांत कोणी सांगतलंच नाही. बंदूक उजव्या खांद्यावर अन् पाहून राहिली मी डाव्या डोळ्यानं. मंग गोळी डावीकडं जाईल नाही तं काय!"

त्या आठवड्यात तिने फडीवर आलेल्या प्रत्येकाला भोकाचं पान हातात देऊन उभं केलं. फडीमुन्शी वैतागला. पण एक गोष्ट निघाली. गावातले दोघं-तिघं, जे विळा उजव्या हाताने धरायचे, जेवायचे उजव्या हाताने, तेही डाव्या डोळ्याचे निघाले. आमच्या भागात छत्तीसगडी बोलणारे लोक उजव्या हाताला जेवनी म्हणतात, म्हणजे जेवायचा हात. जेवतात सगळेच उजव्या हाताने, म्हणून सगळेच उजवे, असा आमचा समज. त्यातल्या एकाचा गलोलीचा नेम लहानपणापासून चुकायचा आणि त्यावरून त्याची फार थट्टा व्हायची. आत्याने त्याला गलोल दुसऱ्या हातात घ्यायला लावली. तो त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत चिंचा पाडत होता.

आता डावा खांदा, हे नक्की झालं. पण फुफाजींची बंदूक होती जुनी भरमार. नळीच्या तोंडातून बार भरायचा, आणि घोडा व ठिणगी पाडणारी टोपी उजव्या अंगाला. फुफाजींनी स्वतः समोर बसून, बार न भरता, नुसती टोपी लावून तिला ती डाव्या खांद्याला धरायला दिली. तिने चाप ओढला. टोपी फुटली आणि ठिणगी थेट तिच्या भुवईवर. फुफाजी घाबरून उठले. आत्याने ओल्या पदराने भुवई दाबली आणि म्हणाली, "या बंदुकीचं तोंड माह्याकडं हाय. ही नाही चालत."

अर्धी भुवई जळालेली घेऊन ती दुसऱ्यांदा मैदानावर गेली. या खेपेला ती सरळ डाव्या खांद्याला रायफल लावून निजली.

उस्ताद धावत आला. "बाई, बाई! उलटी पकडी है. पुढची गोळी भरायचा बोल्ट उजवीकडे असतो. डाव्या खांद्यावरून बोल्ट कसा ओढणार?"

आत्या निजल्या निजल्याच वर पाहत म्हणाली, "सायब, मले सही येत नाही. सरकार माह्याजोळून कागदावर डावा अंगठा घेते. अंगठा डावा चालते तं खांदा डावा काऊन नाही चालत?"

उस्तादने मिशीवरून हात फिरवला. "अच्छा. दिखाओ."

तिने रायफलची नळी पुढच्या वाळूच्या पोत्यावर टेकवली. डावा हात चापाजवळ. उजवा हात मोकळा. पहिली गोळी झाडली. बाकीचे लोक गोळी झाडली की चापावरचा उजवा हात काढायचे, गाल उचलायचे, बोल्ट ओढायचे, पुन्हा हात जागेवर, पुन्हा गाल टेकवायचा, पुन्हा निशाणा शोधायचा. आत्याचा डावा हात चापावरून हललाच नाही, गाल दस्त्यावरून उठला नाही, डोळा निशाण्यावरून सुटला नाही. मोकळ्या उजव्या हाताने तिने बोल्ट मागे-पुढे केला, जसं कोणी कडी काढून परत लावावी. दुसरी गोळी. तिसरी. पाचही संपल्या तेव्हा शेजारचा माणूस तिसऱ्यासाठी श्वास घेत होता.

कागद आला. पाचही भोकं तिच्याच कागदावर होती आणि त्यांच्यावर एक भाकर ठेवली असती तर सगळी झाकली गेली असती.

उस्तादने बाजूच्या नव्या पोरांना हाक मारली. "ए, इधर आओ. ये देखो. पोतं असेल ना, तर डावा माणूस तुमच्यापेक्षा जलदी मारतो." मग तिला विचारलं, "माँजी, किसने सिखाया?"

"इळ्यानं," आत्या म्हणाली. "अख्खी दुनिया उजव्यांसाठी बनवली हाय सायब. आम्हाले रोजच कायतरी उलटं करून घ्या लागते."

प्रमाणपत्र मी फाइलला लावलं. परवाना तिच्या नावावर झाला. मग हत्यार बदलण्याच्या परवानगीचा अर्ज. तोही मीच लिहिला. माझ्या हातचे ते पहिले दोन सरकारी कागद. इतक्या वर्षांत मी पुष्कळ कागद लिहिले, पण मंजुरीचा शिक्का पाहून तसा आनंद पुन्हा झाला नाही.

बंदूक घ्यायला आम्ही नागपूरला गेलो. दुकानदार सभ्य होता. आत्या डावरी आहे हे कळताच त्याने एक दुनाळी काढून समोर ठेवली. "मॅडम, लेफ्टी के लिए यही सही है. दोन नळ्या, मधून मोडायची, काडतूस भरायचं. बोल्टचा झंझटच नाही. डाव्या बोल्टची रायफल आपल्याकडे मिळत नाही."

सल्ला चुकीचा नव्हता. कोणीही जाणकाराने हेच सांगितलं असतं. आत्याने दुनाळी उचलली, खांद्याला लावली, खाली ठेवली. "चांगली हाय. पण लांब मारते काय?"

"छर्रा चाळीस-पन्नास पावलं."

"माही बांदी शंभर पावलांची हाय. डुकराले जोळ ये म्हणून सांगू काय?" तिने मागच्या काचेकडे बोट केलं. "ते दे."

ती सरकारी कारखान्याची तीनशे पंधरा बोअरची रायफल होती, बोल्ट अर्थात उजवीकडे. दुकानदार माझ्याकडे पाहू लागला, जणू मी तिला समजावीन. आत्याने सोबत आणलेली कपड्यांची पिशवी काउंटरवर आडवी ठेवली, रिकाम्या रायफलची नळी तिच्यावर टेकवली आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरून बोल्ट चार वेळा मागे-पुढे केला. खट-खट, खट-खट. कॅलेंडरवरून नेम ढळला नाही.

"मचाणाले कठडा राहते ना," ती म्हणाली. "मले टेकू भेटतेच. हातात धरून उभ्यानं कोण मारते?"

दुकानदाराने चहा मागवला.

पण ती रायफल तिने जशीच्या तशी वापरली नाही. दस्त्याला उजव्या गालासाठी जो उंचवटा होता, त्याच्या उलट बाजूला गावच्या सुताराकडून सागाची पातळ पट्टी बसवून घेतली आणि तिच्यावर जुन्या गोधडीचा तुकडा शिवला. रिकामी पुंगळी उजवीकडून उडते, म्हणजे डाव्या खांद्यावरून मारणाऱ्याच्या उजव्या हातावर पडते. एकदा भाजल्यावर तिने फुफाजींचा पूर्ण बाह्यांचा सदरा लुगड्यावर चढवायला सुरुवात केली. डोळ्यांसाठी मोटारसायकलवाले लावतात तसा पांढरा चष्मा. तो तिला भैयालालने दिला, दुकानातून आणून, न मागता. चाप अडवून ठेवणारी सेफ्टीची कळसुद्धा उजव्या अंगाला. म्हणून तिने कामं वाटून घेतली होती. सेफ्टी, बोल्ट, काडतूस, सगळं उजव्या हाताने. डाव्याला एकच काम. "तो चापावर बसते अन् आराम करते," ती म्हणायची.

बंदूक हातात घेतली की तिचा एक नियम होता. आधी मागचं पाहायचं, मग डुकराचं. मचाणावरून गोळी खाली, चिखलात गेली पाहिजे, हे तिचं पक्कं होतं. एकदा डुक्कर ऐन टप्प्यात आलेलं असताना तिने रायफल खाली केली, कारण त्याच्या मागे, दूर धुऱ्यावर, कोणाची तरी शेळी होती. "शेळी हाय तं शेळीवालाबी असंल," एवढंच म्हणाली.

नागपूरहून आल्यावर तिने बापजाद्यांच्या मचाणावरच वाद काढला. गावाचा मचाण बांदीच्या पूर्वेच्या ऐनाच्या झाडावर होता, चार पिढ्यांपासून. आत्या एकदा तिथे बसून आली आणि म्हणाली, हा मचाण चालत नाही, पश्चिमेच्या मोहावर नवा बांधा.

"काऊन?" पटेल चिडले. "चार पिढ्या त्याच मचाणावरून मारत आल्या."

"चारी पिढ्या उजव्या होत्या म्हणून," आत्या म्हणाली. मग तिने पटेलांना बाजेवर बसवलं, हातात काठी दिली उजव्या खांद्याला लावून. "आता डावीकडं फिरा. फिरलात? आता उजवीकडं फिरा." पटेल डावीकडे सहज वळले, उजवीकडे वळताना बाजेवरून पडता पडता वाचले. "पाह्यलं? ऐनावर बसलं तं जंगल डाव्या हाताले येते. उजव्या माणसाले सोपं जाते. मले उलटं पाह्यजे. मले जंगल उजव्या हाताले पाह्यजे. म्हणजे मोह."

मचाण बांधायला तिला चार माणसं मिळाली. त्यातला एक भैयालाल.

मग कार्तिकातली ती पहाट आली. धान वाकलं होतं, आठवड्यावर कापणी. परवानगीचा कागद होता, पण वनरक्षकाला आत्यावर भरवसा नव्हता. त्याने शहरातले तेच दोघं शिकारी बोलावले होते. ते ऐनावरच्या जुन्या मचाणावर चढले. आत्या तिचा सदरा, चष्मा आणि वाळूचं पोतं घेऊन मोहावर. वनरक्षक आणि मी मोहाखालच्या धुऱ्यावर, झुडपाआड. ही बंदूक गावात राहून काही उपयोगाची आहे की नाही, ते आज ठरणार होतं. माझे वडील, फुफाजी, पटेल, सगळे गावाच्या टोकाला उभे होते आणि कोणी बिडीसुद्धा पेटवत नव्हतं.

उजाडता उजाडता कळप आला. आठ-दहा जनावरं, पुढे एक मोठा नर. जुन्या मचाणाचं झाड त्यांना चांगलं माहीत होतं. ती त्याला लांबून वळसा घालून नाल्याच्या कडेने आली, म्हणजे ऐनावरच्या दोघांच्या उजव्या हाताला. ऐनावरचा एकजण वळायला गेला, वळता येईना, म्हणून उभा राहिला. मचाण करकरला. कळपाने माना वर केल्या आणि तो सरळ मोहाच्या दिशेने धावत सुटला.

"मारा बाई, मारा!" वनरक्षक कुजबुजला.

आत्या मारेना. मी वर पाहिलं. तिचा गाल दस्त्यावर होता, पण ती डुकरांकडे पाहत नव्हती. पलीकडे धुऱ्यावरून एक माणूस सायकलवर दुधाचे कॅन घेऊन चालला होता. डुकरं ऐंशी पावलांवर. सत्तर. वनरक्षकाने कपाळाला हात लावला. सायकल झाडांमागे गेली.

पहिला आवाज झाला आणि पुढचा नर जागेवर बसला. कळप फुटला, उजवीकडे वळला. आणि मला वरून फक्त ती ओळखीची खट-खट ऐकू आली, आणि लगेच दुसरा आवाज. दुसरं मोठं जनावर धुऱ्यावर चढता चढता खाली आलं. बाकीची जंगलात. ऐनावरून एकही गोळी सुटली नव्हती.

मग गावाच्या टोकाकडून जो ओरडा उठला, तो मी कधी विसरणार नाही. फुफाजी काठी टाकून बांदीतून धावत आले. वनरक्षक पंचनामा लिहायला बसला आणि सवयीने ऐनाकडे पाहत म्हणाला, "मारणाऱ्याचं नाव?"

पटेल पुढे झाले. "लिहा, सुकवारो बुधराम कुमरे."

भैयालालने त्याच्या मोबाइलवर तिचा फोटो काढला. "काकी, चष्मा काढ ना."

"नाही काढत. चष्म्यासकट काढ. तुह्याच दुकानाचा हाय."

त्या वर्षी गावाचं धान अख्खं घरी आलं. डुकरं कायमची गेली नाहीत. ती कधी जात नाहीत. पण पुढच्या हंगामात शेजारच्या दोन गावांनी वनखात्याकडे परवानगी मागताना सोबत आत्याचं नाव लिहून दिलं. ते अर्जही माझ्याच अक्षरात आहेत.

पुढे मला शाळेत नोकरी लागली आणि मी गोंदियाजवळ कुडव्याला राहायला आले. आत्या आता नाही. एका थंडीत, दोन दिवसांच्या तापाने गेली. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. बंदूक गावातच आहे. तिची धाकटी मुलगी छत्तीसगडातून परत येऊन आईच्या घरी राहिली आहे, आणि परवान्याचा पुढचा अर्ज मी गेल्याच महिन्यात लिहून दिला.

आत्याला मी शेवटचं पाहिलं ते सालेकशाच्या रस्त्यावर. मी गाडीवरून गावाकडे चालले होते. समोरून वनखात्याची जीप येत होती आणि रस्त्यावर म्हशींचा कळप आडवा पसरला होता. जीप थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, म्हशी ढिम्म. पुढच्या सीटवरून एक पांढरा चष्मा बाहेर आला, मग सदऱ्याची बाही, आणि मग तो आवाज.

"ए बाप्पा, हटव ना म्हशी! तीन गावं वाट पाहून राहिली माही!"

गुराखी दचकून उठला, म्हशी भराभर कडेला झाल्या. मी हात हलवला, पण तिचं लक्ष पुढे रस्त्यावर होतं. जीप माझ्या बाजूने सुसाट निघून गेली.